डॉलरचा वायदा : इरले की जुगार?

या व्याख्यानमालेत परकीय चलनाच्या व्यापारावर बोलावे, असे चालकांनी सुचविले, तेव्हा आम्हाला प्रथम संकोचच वाटला. आम्ही अर्थशास्त्राचे प्राध्यापक नव्हे, बँकेचे अधिकारीही नव्हे. पिरंगुटला यंत्रांचे सुटे भाग करणारा आमचा एक लहानसा कारखाना आहे, आणि त्यातील काही माल अमेरिकेला जातो. त्या निमित्ताने आम्ही या बाजारात शिरलो, काही काळ शहाण्यासारखे वागलो, आणि मग एके दिवशी मूर्खपणा करून बसलो. तेव्हा आजचे व्याख्यान म्हणजे विद्वत्तेचे प्रदर्शन नसून एका फसलेल्या माणसाने दाखविलेली वहीची पाने आहेत, असेच श्रोत्यांनी समजावे.

नाण्याच्या बदल्यात नाणे घेण्याचा धंदा आपल्याकडे नवा नाही. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे अनेक तऱ्हेचे रुपये चालत. एकाची चांदी चोख, दुसऱ्याची हिणकस. एका मुलखातील रुपया दुसऱ्या मुलखात द्यायचा तर शराफ त्यावर बट्टा कापून घेत. कंपनी सरकारने १८३५ साली एकच रुपया चालू करण्याचा कायदा केला आणि कालांतराने ही नाणी गेली. बट्टा मात्र भाषेत राहिला. कुळाच्या नावाला बट्टा लागला असे आपण आजही म्हणतो, ते शराफाच्या पेढीवरचेच बोलणे आहे.

पुढे प्रश्न आला तो रुपया आणि परदेशी नाणे यांच्यामधील भावाचा. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या प्रश्नाने मुंबईचा व्यापारी वर्ग हलवून सोडला होता. रुपयाची किंमत १६ पेन्स असावी की १८ पेन्स, हा तो वाद. १९२७ साली सरकारने १८ पेन्सांचा भाव कायद्याने ठरविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ सालीच रुपयाच्या प्रश्नावर इंग्रजीत एक मोठा ग्रंथ लिहिला होता. रुपयाने देशात काय विकत मिळते याकडे आधी पाहिले पाहिजे, परदेशी नाण्याशी त्याचे प्रमाण स्थिर ठेवण्याने भागत नाही, हा त्यातील विचार आजही ताजा आहे.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे हा भाव सरकारच ठरवीत असे. १९४९ च्या अवमूल्यनानंतर डॉलर ४ रुपये ७६ पैशांच्या आसपास होता. ६ जून १९६६ रोजी तो एका रात्रीत साडेसात रुपये झाला. जुलै १९९१ मध्ये पुन्हा दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि १९९३ पासून भाव बाजारावर सोपविण्यात आला. बाजारावर सोपविला म्हणजे काय? तर हिंजवडीच्या संगणक कंपन्या परदेशातून डॉलर मिळवितात आणि पगार वाटण्यासाठी त्यांना रुपये हवे असतात. उलट खनिज तेल आणणाऱ्या कंपन्यांजवळ रुपये असतात आणि त्यांना डॉलर हवे असतात. अशा देणाऱ्या-घेणाऱ्यांची जेथे गाठ पडते तेथे भाव ठरतो. विक्रेते वाढले की डॉलर उतरतो, गिऱ्हाईक वाढले की चढतो. परकीय भांडवल देशात आले अथवा निघून गेले की त्याचा धक्का याच ठिकाणी बसतो. आणि फारच ओढाताण होऊ लागली तर रिझर्व्ह बँक आपल्या गंगाजळीतील डॉलर विकून किंवा बाजारातील डॉलर खरेदी करून मध्ये पडते.

भाव रोज हलू लागला, म्हणजे आमच्यासारख्याची पंचाईत सुरू झाली. माल आज पाठवायचा, पैसे तीन-चार महिन्यांनी यायचे. लोखंड, वीज आणि मजुरी यांचा खर्च रुपयांत, येणे डॉलरमध्ये. २००७ साली डॉलर सुमारे ४४ रुपयांवरून वर्षाच्या अखेरीस ३९ च्या आसपास उतरला, तेव्हा आम्ही उत्तम माल वेळेवर पाठवूनही वर्षभर जवळजवळ फुकट राबलो. मालात खोट नव्हती, गिऱ्हाइकाने पैसे बुडविले नव्हते. केवळ दूरच्या बाजारात एक आकडा बदलला होता.

अशा माणसासाठी वायदा असतो. बँकेशी पुढील तारखेचा करार करण्याची सोय पूर्वीपासून होती. परंतु लहान कारखानदाराला बँकेच्या दारात फारसे कोणी विचारीत नसे. २९ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे सुरू झाले आणि हे दार उघडले. एक सौदा १,००० डॉलरचा. संपूर्ण रक्कम भरावी लागत नाही, थोडी अनामत ठेवली की पुरते. तिला बाजारात मार्जिन म्हणतात. भाव हलेल तसा रोजच्या रोज हिशेब होतो : आपल्या बाजूने हलला तर रक्कम जमा, विरुद्ध हलला तर त्याच दिवशी भरणा. डॉलर १ पैशाने हलला की एका सौद्यामागे १० रुपयांचा फरक पडतो. शेवटी प्रत्यक्ष डॉलर कोणी कोणास देत नाही. ठरलेल्या संदर्भ दराप्रमाणे रुपयांत हिशेब चुकता होतो.

आता वहीचे पहिले पान. मे २०१३ च्या आरंभी डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता. आमचे २०,००० डॉलर ऑगस्टअखेर यायचे होते. ऑगस्टचा वायदा ५५ च्या भावाने मिळत होता, म्हणजे येण्याचे ११ लाख रुपये होत होते. त्या मालावर आमचा खर्च सव्वादहा लाख. नफा सुटत होता ७५ हजार. डॉलर ५१ रुपयांवर आला असता तर हा सगळा नफा जाऊन वर पदरचे पैसे घालावे लागले असते. म्हणून आम्ही २० सौदे विकले. आता डॉलर ५० वर आला तर गिऱ्हाइकाकडून १० लाखच आले असते, पण वायद्यात १ लाख मिळाला असता. बेरीज ११ लाख. भाव कोठेही जावो, बेरीज ११ लाखच राहणार होती. येथपर्यंत आमचे वागणे निर्दोष होते.

२२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बर्नान्के यांनी, आपण रोख्यांची खरेदी पुढेमागे कमी करू, असे सूचित केले. त्या एका वाक्याने आपल्यासारख्या अनेक देशांतून भांडवल परत जाऊ लागले. डॉलर चढू लागला : ५८, ६०, ६४. जुलैमध्ये बाजारातील अनामतीची रक्कमही वाढविण्यात आली. आम्ही वायदा विकलेला असल्याने डॉलरमागे रुपया चढला की २० हजार भरावे लागत. २८ ऑगस्ट रोजी डॉलर ६८ च्या पलीकडे गेला, तोपर्यंतचा उच्चांक. सोयीसाठी भाव ६८ धरला तर आम्ही वायद्यात २ लाख ६० हजार रुपये भरले होते.

श्रोते म्हणतील, केवढे नुकसान! आम्हीही तेच म्हटले, आणि येथेच आमची चूक झाली. कारण गिऱ्हाइकाकडून जे डॉलर आले त्यांचे ११ लाखांऐवजी १३ लाख ६० हजार झाले. एका खिशातून २ लाख ६० हजार गेले, तेवढेच दुसऱ्या खिशात आले. मेमध्ये ठरविलेले ११ लाख हाती पडले, ७५ हजारांचा नफा शाबूत राहिला. परंतु माणसाच्या मनाची रचना अशी चमत्कारिक आहे की, रोज भरलेले पैसे डोळ्यांना खुपतात आणि एकदम आलेले पैसे हक्काचे वाटतात. शिवाय शेजारच्या कारखानदाराने वायदा केला नव्हता. त्याला त्याच मालाचे अडीच लाख जास्त मिळाले, आणि तो ते सर्वांना सांगत होता. आपण शहाणपणा केला म्हणून आपले अडीच लाख गेले, असे आमच्या मनाने घेतले.

मुळशीतील माणसाला इरले माहीत नाही असे होणार नाही. बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे ते इरले पाठीवर घेऊन आपल्या आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या आंबेमोहोराची लावणी केली. आता त्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे, एवढेच. एखाद्या दिवशी इरले घेऊन शेतात जावे आणि नेमका पाऊस येऊ नये. म्हणून कोणी शेतकरीण असे म्हणत नाही की, इरल्यामुळे आज माझे नुकसान झाले. ओझे वाहिले, पाठ कोरडी राहिली, काम झाले, संपले. आमचा मेमधला वायदा हे इरले होते. आम्ही मात्र पाऊस आला नाही म्हणून इरल्यावर रागावलो.

आता दुसरे पान. हे वाचताना आजही संकोच वाटतो. त्याच २८ ऑगस्टच्या दुपारी, ‘गेलेले’ पैसे परत मिळविण्यासाठी आम्ही सप्टेंबरचे ४० सौदे ६९ च्या भावाने विकत घेतले. जिकडेतिकडे एकच बोलणे होते की डॉलर आता ७५ वर जाणार. आमचे येणे तर वसूल झाले होते. डॉलरमध्ये कोणाचे देणे नव्हते. म्हणजे ४० हजार डॉलरच्या या खरेदीशी आमच्या कारखान्याचा काडीचाही संबंध नव्हता. अनामत भरली ती कामगारांच्या दिवाळीच्या बोनससाठी बाजूला काढलेल्या रकमेतून.

त्याच रात्री रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की, सरकारी तेल कंपन्यांना लागणारे डॉलर आपण परस्पर देऊ. बाजारातील सर्वांत मोठे गिऱ्हाईकच बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी डॉलर एकदम दोन रुपयांहून अधिक उतरला. एका दिवसात आमचे ८० हजारांवर गेले. शहाण्या माणसाने तेथेच हात झटकले असते. आम्ही म्हटले, थोडा सावरेल, मग विकू. ४ सप्टेंबरला रघुराम राजन गव्हर्नर झाले आणि परदेशस्थ भारतीयांच्या ठेवी आणण्यासाठी त्यांनी बँकांना सवलत दिली. १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोख्यांची खरेदी कमी करण्याचा बेत पुढे ढकलला. दर वेळी आम्ही ‘थोडा सावरेल’ म्हणत राहिलो. अखेर ६३ च्या भावाने सौदे मोडले. सौद्यामागे ६ हजार, म्हणजे ४० सौद्यांचे २ लाख ४० हजार रुपये गेले.

पहिल्या पानावरचे २ लाख ६० हजार आणि दुसऱ्या पानावरचे २ लाख ४० हजार, आकडे दिसायला जवळजवळ सारखे. परंतु पहिल्याच्या समोर दुसऱ्या बाजूस तेवढीच जमा होती. दुसऱ्याच्या समोर काही नव्हते. पहिले नुकसान नव्हतेच. दुसरे मात्र निखालस नुकसान होते. त्या वर्षी घरातले सोने तारण ठेवून आम्ही कामगारांना बोनस दिला. कामगारांना हे कळले नाही. घरात मात्र सर्वांना कळले.

यातून आम्ही जे शिकलो ते एका वाक्यात सांगता येते. ज्याचे डॉलरमध्ये येणे अगर देणे आहे, त्याच्यावर जोखीम आधीच आलेली असते, आणि वायदा करून तो ती उतरवितो. ज्याचे काहीच अडलेले नाही, तो वायदा करून नसलेली जोखीम विकत घेतो. कागद तोच, दलाल तोच, भावही तोच. एकाच्या पाठीवर ते इरले असते, दुसऱ्याच्या हातात फासे असतात.

सटोडियांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. आम्ही मे महिन्यात डॉलर विकले ते कोणीतरी घेतले म्हणूनच ना? प्रत्येक निर्यातदाराला नेमका तेवढ्याच रकमेचा, त्याच तारखेचा आयातदार भेटत नाही. मधली जागा सटोडिये भरून काढतात. परंतु ती जागा भरणारे कोण असतात ते पाहावे. जगातील चलनबाजाराची उलाढाल एप्रिल २०२५ मध्ये दररोज सरासरी ९.६ लाख कोटी डॉलर होती, आणि तिच्यात प्रामुख्याने मोठमोठ्या बँका व वित्तसंस्था असतात. त्यांच्यापाशी बातमी आपल्या आधी पोहोचते आणि एखादा तोटा सोसण्याची ताकद असते. आणि वायद्यात एकाने मिळविलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाचा तरी गेलेला असतो. दोघांची बेरीज शून्य, आणि दलाली वजा जाता शून्याहूनही कमी. तेथे रात्री मोबाईलवर आकडे पाहणारा मुळशीचा तरुण कोणाच्या विरुद्ध बसला आहे, याचा त्याने विचार करावा. समभागांच्या वायद्यांविषयी सेबीने केलेली एक पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असा व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटाच झाला होता. ती पाहणी चलनाची नव्हे. पण माणसे तीच आणि मनेही तीच.

हा विषय आपल्या तालुक्यात बोलावा असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. टाटांच्या वीज योजनेसाठी मुळशीला धरण बांधण्याचे ठरले, आणि त्याविरुद्ध १९२१ साली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांसारखे नेते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तीन वर्षांच्या झुंजीनंतरही धरण झाले, भिऱ्याला वीज निर्माण झाली आणि मुंबईकडे गेली. मोबदल्याची रोकड जमिनीच्या ठिकाणी उभी राहू शकत नाही, हे त्या लढ्यातले दुःख होते. भाताचे खाचर दरसाल पिकते. रोकड एकदाच येते आणि तिला पाय असतात.

आज आपल्या तालुक्याचा पूर्वभाग पाहा. हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या जमिनी संगणक उद्यानाखाली आणि इमारतींखाली गेल्या. यावेळी भाव पुष्कळ मिळाला, हे खरे. परंतु जमिनीची रोकड झाली, हे दोन्ही वेळचे सत्य सारखेच आहे. आणि ही रोकड ज्यांच्या खात्यात आहे, त्यांच्या मोबाईलवर आज जाहिराती येतात : थोडी रक्कम भरा, युरो-डॉलरचा व्यापार करा, दरमहा घरबसल्या कमवा. यांतील कित्येक मंच परदेशातून चालतात आणि भरलेल्या रकमेच्या शंभरपट, पाचशेपट सौदा करू देतात. शंभरपट म्हणजे काय? भाव शेकडा १ ने विरुद्ध गेला की सगळी अनामत साफ. चलनाच्या बाजारात शेकडा १ चा फरक पडायला काही आठवडे लागतातच असे नाही. एखादी दुपार पुरते.

कायदा येथे स्पष्ट आहे. भारतात राहणाऱ्याने असे व्यवहार परवानगी असलेल्या कारणांसाठीच, आणि अधिकृत बँकांमार्फत किंवा मान्यताप्राप्त बाजारांतच करावयाचे असतात. परदेशी मंचावर अनामत पाठविण्यास परवानगी नाही. तसे करणारा १९९९ च्या परकीय चलन कायद्याखाली दोषी ठरू शकतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत मंचांची सावधानतेची यादी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. परंतु यादीत नाव नाही म्हणून एखादा मंच अधिकृत ठरत नाही. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये तिने मान्य बाजारांतील रुपयाच्या वायद्यांबाबतही बजावले की, लहान सौद्यांना पुरावा दाखवावा लागला नाही तरी मागे खरेखुरे येणे-देणे असलेच पाहिजे. ३ मे २०२४ पासून हे लागू झाले आणि बाजाराची उलाढाल एकदम खाली आली. यावरून तेथे इरले घेऊन आलेले किती आणि फासे घेऊन आलेले किती, याचा अंदाज श्रोत्यांनीच करावा. जे शिकायला आम्हाला २ लाख ४० हजार पडले, ते आता नियमात फुकट वाचायला मिळते.

काही दिवसांपूर्वी गावातला एक मुलगा आमच्याकडे आला. वडिलांनी जमीन विकलेली, मुलगा हुशार. म्हणाला, “काका, तुम्ही डॉलरचं सगळं केलंय. आता घेऊ का विकू, तेवढं सांगा.”

आम्ही विचारले, “तुझं डॉलरमध्ये कोणाकडून काही यायचंय?”

“नाही.”

“कोणाला द्यायचंय?”

“नाही, काका.”

“मग तुझं काय अडलंय?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पैसे नुसते पडून आहेत.”

हे उत्तर आम्ही विसरू शकत नाही. पैसे पडून असणे ही त्याला अडचण वाटत होती. आम्ही त्याला दोन्ही पाने दाखविली आणि सांगितले की, पडून असलेले पैसे सकाळीही तेथेच असतात. त्यांचे काय करायचे हे वडिलांशी बोलून, सहा महिने घेऊन ठरव. बँकेतली ठेव तोवर कंटाळणार नाही. त्याने ऐकले की नाही, हे काळच सांगेल.

ज्यांना खरोखरच या बाजारात जावे लागते, त्या कारखानदार बंधूंनाही आमची तीन गोष्टींची विनंती आहे. येणे जेवढे असेल तेवढाच वायदा करावा, एक डॉलरही अधिक नको. वायद्याचा हिशेब आणि मालाचा हिशेब एकाच पानावर, समोरासमोर लिहावा. वेगवेगळ्या वह्यांत लिहिले की मन फसते. आणि अनामतीसाठी जी रक्कम ठेवायची ती कोणाच्या पगाराची, बोनसची किंवा शाळेच्या फीची नसावी.

आमच्या कचेरीत खिडकीजवळ एक जुने इरले टांगलेले आहे. आईचे. येणारे व्यापारी ते शोभेचे समजतात आणि आम्हीही त्यांना फारसे काही सांगत नाही. डॉलर चढू लागला आणि जो तो भावाविषयी बोलू लागला की आम्ही एकदा त्याच्याकडे पाहतो, आपले येणे किती आहे ते वहीत तपासतो, आणि कामाला लागतो.